रात्रीच्या बाससाठी लूरची निवड: लेनियर तलावावरचं एक प्रकरण

रात्री बासला, म्हणजे गोड्या पाण्यातल्या या शिकारी माशाला, लूरचा (बनावट आमिषाचा) कुठला रंग चालतो, असं लोक विचारतात. माझ्या मते हा नंतरचा प्रश्न. आधी हे विचारायला हवं, की दोरीच्या त्या टोकाला लूर काय करतोय ते मिट्ट काळोखात तुमच्या हाताला कळतंय का? दिवसा डोळे कामाला येतात. दोरी कुठे सैल पडली, कुठे बाजूला सरकली, पाण्यावर कुठे खळबळ झाली, सगळं दिसतं. रात्री यातलं काहीच हाताशी नसतं. म्हणून रात्रीचा लूर माशासाठी जितका निवडायचा तितकाच आपल्या हातासाठी. खालचं प्रकरण त्याचंच आहे. जुलैतली शनिवारची रात्र, अमेरिकेतल्या जॉर्जियातला लेनियर तलाव, बोटीत मी आणि माझ्या नवऱ्याचे मामा.

पाणी, चंद्र आणि गर्दी

लेनियर अटलांटाच्या ईशान्येला. आल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि त्यांतल्या अनेकांना हा तलाव सहलीमुळे, पोहण्यामुळे ओळखीचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागाने चॅटाहूची नदीवर बफर्ड धरण बांधलं. चेस्टाटी नदीचं पाणीही त्यातच अडलं आणि डोंगरांच्या बेचक्यांतून सुमारे ३८,००० एकरांचा, असंख्य फाटे फुटलेला जलाशय तयार झाला. पूर्ण भरला की पातळी समुद्रसपाटीपासून १०७१ फूट. वरच्या अंगाला, नद्या येऊन मिळतात तिथे, पाणी गढूळसर असतं. खाली धरणाकडे ते स्वच्छ आणि खोल होत जातं. आम्ही या खालच्या भागात होतो.

स्वच्छ पाणी आणि जुलैचं ऊन एकत्र आलं की दिवसा बास वर राहत नाही. इथला मुख्य मासा स्पॉटेड बास, त्याच्या खालोखाल लार्जमाउथ. स्पॉटेड हा मुळातच खडक आणि खोली आवडणारा मासा. लेनियरमध्ये तो ब्लूबॅक हेरिंग नावाच्या चंदेरी माशांच्या थव्यांमागे फिरतो आणि भर उन्हाळ्यात लोकांनी तळाशी बुडवून ठेवलेल्या झाडोऱ्यांवर वीस ते तीस फुटांत थांबतो. त्यात शनिवार. दुपारभर स्पीडबोटी आणि जेट स्की पाणी घुसळत असतात, खडकाळ काठांवर लाटांचा मारा चालू असतो. अशा दिवशी दुपारी गळ टाकणं मला तरी नकोसं वाटतं. सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, तासाभरात बोटी धक्क्याला लागतात आणि मग तोच तलाव वेगळा होतो.

आषाढातला वद्य पक्ष चालू होता, संकष्टी होऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे चंद्र साडेअकराच्या पुढे उगवणार. तोवर दोन तासांचा निखळ अंधार, फक्त नैर्ऋत्येला अटलांटाच्या दिव्यांची पिवळट झाक. पृष्ठभागाचं पाणी ३० अंश सेल्सिअसच्या वर. वारा नावापुरता. या चार गोष्टींवरून, म्हणजे अंधार किती वेळ, पाणी किती स्वच्छ, किती गरम आणि किती हलतंय यावरून, रात्रीचा सगळा बेत ठरतो.

मामा दाभोळ खाडीच्या काठचे. आयुष्यभर गरवलेलं, पण सगळं हातदोरीवर: तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं, गरी आणि गरीला कोळंबी. रॉड आणि रीळ त्यांनी इथेच हातात घेतलं. परवाना आधी काढून ठेवला होता; जॉर्जियात १६ आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला तो लागतो, पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचाही मिळतो.

काय नेलं, काय घरी ठेवलं

मी चार रॉड उजेड असतानाच बांधून ठेवले. रात्री डोक्यावरच्या दिव्यात गाठी मारत बसलं की डोळ्यांना अंधाराची झालेली सवय मोडते, आणि ती परत यायला बराच वेळ जातो. म्हणून लूर बदलायचा म्हणजे रॉड बदलायचा, एवढंच.

काय घरी ठेवलं ते आधी सांगते. तीनकाट्यांचे, म्हणजे ट्रेबल हुकचे, सगळे लूर. लेनियरवर रात्री खोल जाणारा मोठा क्रँकबेट (माशाच्या आकाराचा टणक लूर) खडकांवर आपटत आणणारे पुष्कळ आहेत आणि त्याला मासे लागतात यात शंका नाही. पण अंधारात, हलत्या बोटीत, उड्या मारणाऱ्या माशाच्या तोंडात दोन ट्रेबल आणि पुढे आपला हात, हे मला मान्य नाही. बोटीत रॉडला नवखं माणूस असेल तेव्हा तर मुळीच नाही. एकच काटा असलेल्या लूरनी रात्र उत्तम निघते. बिनवजनाचे मऊ प्लास्टिकचे लूरही वगळले, कारण ते पाण्यात कुठे आहेत याचा हाताला काहीच पत्ता लागत नाही.

खाजगी धक्क्यांवरच्या हिरव्या दिव्यांखाली हेरिंग जमतात आणि त्यांच्यामागे बास येतात, हाही पर्याय होता. पण शनिवारी रात्री लोक धक्क्यावर बसलेले असतात. त्यांच्या अंगणात गळ टाकायचा नाही, हा माझा नियम.

मुख्य लूर ठरला स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरणारं धातूचं पातं असलेला लूर: पाऊण औंसाचा, म्हणजे साधारण २१ ग्रॅमचा, काळ्या-जांभळ्या झालरीचा, आणि त्यावर एकच कोलोरॅडो पातं, सहा नंबरचं, काळा रंग दिलेलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी निवड या पात्यात आहे. स्पिनरबेटची पाती मुख्यतः दोन प्रकारची. विलोलीफ लांबट, टोकदार. ते भराभर फिरतं, चमकतं आणि पाणी फारसं ढवळत नाही. कोलोरॅडो जवळजवळ गोल आणि खोलगट. ते पाण्याला धरून फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला एक जाड ठोका देतं. दिवसा स्वच्छ पाण्यात चमक उपयोगी, तिथे विलोलीफ. काळोखात चमकायला उजेडच नाही, तिथे ठोका.

हा ठोका मासा दोन तऱ्हांनी टिपतो. एक तर कानाने. दुसरं म्हणजे त्याच्या दोन्ही अंगांवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेषा. तिच्यातल्या पेशींना पाण्याची बारीकशी हालचालही जाणवते. पण तिचा पल्ला छोटा, काही फुटांचा. म्हणजे लूर माशाच्या जवळून आणि त्याला माग काढता येईल इतक्या सावकाश जायला हवा. शेवटची झडप डोळ्यांवर. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या आणि नुसता उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. दिवस मावळताना या दुसऱ्या पेशी पुढे सरकतात आणि रंग ओळखणाऱ्या मागे जातात. रात्री मासा खालून वर बघतो, वर आभाळाची फिकी झाक असते आणि त्यावर सगळ्यात ठळक उठते ती काळी आकृती. काळा रंग चालतो तो एवढ्यासाठी. गडद जांभळा किंवा निळा घेतला तरी माशाच्या लेखी तो काळाच, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि तोच ठोका दोरीवरून रॉडमध्ये आणि रॉडमधून तळव्यात येतो. धडधड चालू आहे म्हणजे पातं फिरतंय. मंदावली म्हणजे गवत किंवा काडी अडकली. खडकाला लागलं की एक कोरडा टक. आणि धडधड अचानक थांबली, तर मासा. मामांना रॉड देताना मी एवढंच शिकवलं.

दुसऱ्या रॉडवर काळा बझबेट, पाण्याच्या पृष्ठावरून खळखळत येणारा. तिसऱ्यावर अर्ध्या औंसाचा काळा-निळा फुटबॉल जिग, म्हणजे काट्याच्या डोक्याशी शिशाचा लांबट गोळा असलेला लूर, मागे चिंगळीच्या नांग्यांसारखं प्लास्टिक. गोड्या पाण्यातले क्रेफिश रात्री खडकांच्या फटींतून बाहेर पडतात, जिग त्यांच्यासाठी. चौथ्यावर दहा इंची काळा प्लास्टिकचा गांडूळ, शिशापाशी काचेचा मणी घालून, झाडोऱ्यात टाकायला. त्याची फारशी गरज पडली नाही. सगळ्यांना दोर १७ ते २० पौंडी. रात्री मासा दोर बघून बिचकत नाही, आणि खडकावर घासलेला बारीक दोर तुटतो.

बोटीवर जांभळ्या प्रकाशाचा दिवा आहे. त्यात चमकणारा दोर वापरला की काळोखातही दोरीची हालचाल दिसते. अनेक जण त्यावरच मासेमारी करतात. मी तो लावला नाही. किडे जमतात ते जमतातच, पण मुख्य म्हणजे सगळं लक्ष डोळ्यांत जातं आणि हात बहिरा होतो.

सोंडेवर

जागा निवडली ती पाण्यात लांबवर शिरलेली एक खडकाळ सोंड. काठाला पाच फूट, मग सावकाश उतरत वीस फूट, आणि पुढे जुन्या ओढ्याच्या पात्रात एकदम चाळीस. दिवसा खोलात थांबलेला मासा रात्री वर चढतो तो अशाच उतारावरून, आणि त्याला लांब जावं लागत नाही. मी ही जागा दिवसा अनेकदा पाहिलेली आहे, खडक कुठे आणि पाण्याखालचं खोड कुठे हे माहीत आहे. अनोळखी जागी पहिल्यांदा रात्री जाऊ नये, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते.

बोट वीस फुटांवर ठेवली आणि लूर काठाकडे टाकून उताराबरोबर खाली आणायचा, असं ठरवलं. अंगात लाइफ जॅकेट, इंजिन बंद पाडणारी दोरी पुढे जाताना मनगटाला, पुढे लाल-हिरवा आणि मागे पांढरा दिवा सूर्यास्तापासून चालू. धक्के आणि थांबलेल्या बोटी यांच्या शंभर फुटांच्या आत इंजिन अगदी मंद ठेवावं लागतं, हा इथला कायदा आहे. रात्री तर मी सगळीकडेच तसं चालवते. लेनियरवर दरवर्षी माणसं बुडतात. मासा पुढच्या शनिवारीही असतो.

बझबेटला पहिल्या अर्ध्या तासात काही लागलं नाही. परतणाऱ्या बोटींच्या लाटा अजून काठावर येत होत्या. साडेनऊला स्पिनरबेट घेतले.

मामांनी दोरी तर्जनीच्या पेरावरून घेतली. मी सांगितलं नव्हतं, हातदोरीची सवय. दुसऱ्या-तिसऱ्या फेकीतच म्हणाले, "धडधड लागत्ये गो. खडक पण कळतो." आणि थोड्या वेळाने, "काहीतरी टोचून गेलं." मग पुन्हा तसंच. मासा येत होता, लूरला धडकत होता आणि लागत नव्हता.

मी त्यांच्या बाजूला वळून रीळ फिरवण्याचा आवाज ऐकला. ओढ, थांब, ओढ, थांब. मध्येच मनगटाचा झटका.

"मामा, थांबू नका. एका लयीत येऊ द्या."

"थांबल्याशिवाय मासा धरील कसा? खाडीत आम्ही झटकाच देतो."

"तिथे गरीला कोळंबी असते, मासा वासावर येतो. हा आवाजावर येतोय. आवाज बंद पडला की त्याला जागा कळत नाही."

प्रकरणाचा कस इथे लागतो. अंधारात बास लूरच्या मागे येतो तेव्हा तो लूर या क्षणी कुठे आहे त्यापेक्षा पुढच्या क्षणी कुठे असेल तिथे झेपावतो. ठोके एकसारखे असतील तर त्याचा अंदाज बरोबर येतो. मध्येच थांबलात तर तो पुढे निघून जातो आणि तोंडाऐवजी अंग लूरला घासतं. तेच ते "टोचून गेलं". दिवसा याच थबकण्याने मासा फसतो, कारण तो बघत असतो. रात्री तीच युक्ती उलटी पडते. अशा वेळी अनेक जण लूर बदलतात, रंग बदलतात, मागे जादा काटा लावतात. मी काहीच बदलायला सांगितलं नाही. फक्त वेग: धडधड जेमतेम लागेल इतका सावकाश, अधूनमधून तळाला टेकत, आणि काठापासून बोटीपर्यंत अजिबात न बदलणारा.

मामांना ते लगेच जमलं असं नाही. जन्माची सवय मनगटात असते. पण त्यांनी रॉड पोटाशी टेकवला, मनगट हलूच नये म्हणून, आणि नुसतं रीळ फिरवत राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पातं बंद पडलं," आणि मी "ओढा!" म्हणेपर्यंत रॉड वाकला होता.

स्पॉटेड बास, सतरा इंचांच्या आसपास. दिवा न लावता ओळखायची रीत मी त्यांना तिथेच दाखवली: खालचा जबडा अंगठ्याने धरायचा आणि अंगठा जिभेवर फिरवायचा. स्पॉटेडच्या जिभेवर मधोमध कानशीसारखी खरखरीत चकती लागते. लार्जमाउथची जीभ बहुतेक वेळा गुळगुळीत. मामांनी दोनदा अंगठा फिरवून खात्री केली.

मासा सोडला, ते त्यांना पटलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही; श्रावण लागायचा होता. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, लांबवर झुंजवलेला मासा लवकर थकतो, म्हणून जाड दोराने पटकन आणायचा, पाण्याबाहेर कमीत कमी ठेवायचा आणि जागीच सोडायचा, हे मी पाळते. रात्रीचा इथे एक मोठा फायदा आहे. दिवसा तीस फुटांवरून ओढलेल्या स्पॉटेडची हवेची पिशवी फुगते आणि तो परत खाली जाऊ शकत नाही. रात्री तोच मासा आठ-दहा फुटांत लागतो आणि हातातून निसटताच बुडी मारतो.

साडेअकरापर्यंत त्या सोंडेवर आम्हा दोघांना मिळून पाच मासे लागले, सगळे स्पॉटेड, सगळे त्याच लूरवर, आणि जवळपास सगळे तळाला टक लागल्यानंतरच्या दोन-चार फुटांत.

चंद्र उगवल्यावर

चंद्र झाडांच्या वर आला आणि सोंडेवरचं लागणं थांबलं. स्वच्छ पाण्यात हा बदल नेहमीचाच. तासन् तास अंधार असतो आणि मग एकदम उजेड येतो, तेव्हा वर आलेला मासा थोडा खाली सरकतो किंवा सावलीला जातो. पौर्णिमेच्या रात्री उजेड पहिल्यापासून असतो, तेव्हा असा खंड पडत नाही.

आम्ही लूर आणि जागा दोन्ही बदलल्या. चंद्र आग्नेयेला, अजून खाली. म्हणजे पूर्वेच्या काठावरच्या पाइन झाडांची सावली पाण्यावर लांब पडलेली. त्या काठाला बारा ते पंधरा फुटांत फुटलेल्या खडकांचा पट्टा आहे. तिथे जिग.

जिगचं लागणं वेगळं. धडधड नाही, त्यामुळे ती थांबण्याचा प्रश्न नाही. जिग तळावर सरपटत आणायचा, खडकावर चढवायचा, पलीकडे पडू द्यायचा, आणि प्रत्येक पडण्याला दोरी जेमतेम ताठ ठेवायची. मासा तोंडात घेतो तेव्हा झटका क्वचितच बसतो. जाणवतो तो जडपणा, ओलं फडकं अडकल्यासारखा. नवख्याला हा जडपणा खडकाचा वाटतो. मामा इथे नवखे नव्हते. शिसं तळाला लागणं, खडकाला अडणं आणि माशाने हळूच उचलणं, या तिन्हींतला फरक त्यांच्या बोटाला खाडीने शिकवला होता. रॉडचं टोक हललं नव्हतं, मला शेजारी बसून काही कळलं नव्हतं आणि ते म्हणाले, "घेतलान." रॉड मागे नेला तेव्हा तो जागच्या जागी थरथरला आणि मग मासा खोलाकडे वळला.

लार्जमाउथ, वीस इंचांचा, चार पौंडांच्या वरचा. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला, जीभ गुळगुळीत.

त्यानंतर एक स्पॉटेड मला लागला आणि दीडच्या सुमारास आम्ही धक्क्याकडे निघालो.

परिस्थिती वेगळी असती तर

अमावस्येच्या आसपास मी रात्रभर स्पिनरबेटच फिरवला असता, जिगला हात लावला नसता. वरच्या अंगाला, पावसानंतरच्या गढूळ पाण्यात, आणखी मोठं पातं आणि आणखी उथळ पाणी, कारण तिथे मासा दिवसाही फार खोल गेलेला नसतो. वारा जोराचा असता तर हलका लूर कामाचा नाही. दोरीला वाऱ्याने पोट पडलं की हाताला काहीच कळत नाही आणि मग पाऊण औंसाच्या जागी एक औंस घ्यावा लागतो. मधल्या आठवड्यातल्या शांत रात्री बझबेटला मी तास-दीड तास दिला असता. तोही एका लयीतच, आणि आवाज ऐकून झटका न देता, दोरी जड होईपर्यंत थांबून.

मामांनी जाताना दोन कोलोरॅडो पाती आणि त्यांच्या फिरक्या (पातं मोकळं फिरू देणाऱ्या कड्या) नेल्या. दाभोळला रात्री जेट्टीच्या दिव्याखाली, उजेड संपून सावली सुरू होते त्या रेषेवर जिताडा मासा शिकार करतो आणि ते पातं त्यांना त्याच्यासाठी हवं होतं. तिथे तीन गोष्टी वेगळ्या आहेत. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, म्हणून गरीच्या आधी हातभर तरी ४० ते ५० पौंडी जाड दोर हवा. ओहोटीच्या ओढीत पातं लूरला वर उचलतं, म्हणजे शिसं वाढवायला हवं. आणि खाऱ्या पाण्यानंतर फिरकी गोड्या पाण्यात धुतली नाही तर गंजून अडकते. हातदोरीने एकसारखा वेग राखता येईल का, ही त्यांची शंका होती. ते आम्ही धक्क्याला बांधलेल्या बोटीतूनच करून पाहिलं: दोन्ही हातांनी आळीपाळीने, एका हाताची ओढ संपायच्या आत दुसऱ्याने दोरी धरून, मनगट न झटकता. दोरी ओल्या बोटांतून घसरते म्हणून ओढ छोटी ठेवावी लागते, पण पातं फिरतं आणि धडधड बोटाला लागते.